चौक बदलला, टाइमटेबल तेच – मग शेवटची फेरी आमच्याच गावाची काऊन कटते?

फाट्यावरचा
राजेहो, आमच्या तालुक्याच्या गावाचं नाव लिहीत नाही, डेपोतले अर्धे लोक ओळखीचे हायेत, यवतमाळ जिल्हा एवढं धरून चाला. दिवाळीच्या आधी मेन चौकात वन-वे केला अन् त्याच टायमाले बाजूच्या सिमेंट रोडचं काम काढलं. अर्धा रोड खोदलेला, उरलेल्या अर्ध्यातून दोन्हीकडची गर्दी. पहिले गाडी स्टँडातून निघाली का चौक, उजवीकडे वळली का आमचा रोड, संपला विषय. आता ती डावीकडे जाते, पाण्याच्या टाकीमागून कॉलेज रोडले लागते अन् भाजीबाजाराच्या तोंडातून फिरून परत त्याच रोडवर येते. त्या तोंडाशी केळीच्या हातगाड्या, एखादा ऑटो आडवा, समोरून पिकप. कंडक्टर खाली उतरते, मागच्या चाकापाशी उभा राहून पत्र्यावर थाप मारत "येऊ द्या, येऊ द्या" करते, तवा कुठं गाडी वळते.

ते बी समजू शकतो, रोड होऊन राह्यला त चांगलंच आहे. पण बोर्डावरचे टाइम तेच हायेत ना बाप्पा! दुपारच्या पाळीत साडेबारा, अडीच, पाच अन् सात. साडेबारा बरोबर सुटते, अडीचची थोडी मागंपुढं, पाचची कधी येईन भरोसा नाही अन् सातची त अर्ध्या वेळा येतच नाही. चौकशी खिडकीवर विचारलं का "गाडी लेट झाली म्हणून फेरी रद्द". आता सांगा, जाम लागते तालुक्याच्या चौकात, त्याचा भुर्दंड २४ किलोमीटरवरच्या आमच्या गावाले कसा काय बसते? अन् अर्ज कोणाले द्यायचा, डेपोले, नगरपरिषदेले का पोलिसाले?

सीताबर्डी_एक्सप्रेस
भाऊ तुमच्या गावी चार फेऱ्या तरी आहेत. आमच्या नागपुरात बर्डीवर उभं राहा, अर्धा तास एक बस नाही अन् मग एकाच नंबरच्या दोन एकामागं एक. पहिलीत पाय ठेवाले जागा नाही, दुसरी रिकामी. कोण बनवते हे टाइमटेबल काय माहीत.

पुण्यातला_वऱ्हाडी
त्याला टाइमटेबल बनवणारा जबाबदार नाही रे, ते आपोआप होतं. एक बस सिग्नलला दोन मिनिटं अडकली की पुढच्या स्टॉपवर तेवढ्या वेळात जास्त लोक जमलेले असतात, ते चढायला जास्त वेळ लागतो, ती अजून लेट होते. मागच्या बसला लोकच कमी उरतात म्हणून ती पळत येते आणि पहिलीला गाठते. यावर न्यूवेल आणि पॉट्स या अभ्यासकांनी १९६४ सालीच गणित मांडून ठेवलंय. एक उपाय म्हणजे मधल्या एखाद्या स्टॉपवर मागच्या बसला मुद्दाम थांबवून धरायचं, पण थांबवली की आतले पब्लिक ड्रायव्हरच्या नावानं ओरडतं.

शहरात दुसराही हिशोब असतो. समजा बसला जाऊन येऊन एक तास लागतो आणि दर दहा मिनिटाला बस द्यायची तर सहा बस लागतात. रस्ता खोदला, फेरा सत्तर मिनिटांचा झाला, तर तेवढीच सर्व्हिस द्यायला सातवी बस लागते. सातवी बस कोणी देत नाही, मग दहाच्या जागी बारा मिनिटाला बस येते. कोणाच्या लक्षातही येत नाही. पण फाट्यावरचा भाऊंच्या गावाला एकच गाडी फिरते, तिथं हे कसं बसतं ते एसटीतल्या माणसानं सांगावं.

डबल_बेल
सांगतो. मी रिटायर्ड माणूस, आयुष्य कंट्रोलरच्या केबिनमध्ये गेलं, दुसऱ्या जिल्ह्यात, त्यामुळं इथल्या कोणावर बोलत नाही. आकडे समजण्यापुरते घेतो बापू, तुमच्या डेपोचा चार्ट माझ्याकडे नाही.

२४ किलोमीटरले मधले थांबे धरून ५५ मिनिटं रनिंग टाइम धरा. गावात पोचल्यावर ५ मिनिटं, स्टँडवर परत आल्यावर ५ मिनिटं. म्हणजे एक जाणं-येणं दोन तासाचं. साडेबारा, अडीच, अशा दोन झाल्या का साडेचारले गाडी आत. आमच्या वेळेस मोटार वाहतूक कामगारांचा १९६१ चा कायदा होता (नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली), त्यात सलग पाच तासाच्या वर काम घेता येत नव्हतं, मधात अर्धा तास विश्रांती द्याच लागे अन् दिवसाचं काम आठ तास; त्याच हिशोबानं सांगतो. म्हणून साडेचार ते पाच जेवण. मग पाचची, मग सातची, रात्री नऊले गाडी डेपोत. झाले आठ तास, एक मिनिट शिल्लक नाही.

आता चौकात दर वेळेस १० मिनिटं जास्त लागून राहिले. जाताना १०, येताना १०. ड्रायव्हर-कंडक्टरनं गावातले ५ अन् स्टँडातले ५ मिनिटं सोडून दिले, चहा नाही, लघवीले जाणं नाही, तरी दर खेपेले १० मिनिटं अंगावर राहतेच. साडेचारची गाडी चार पन्नासले आली. जेवणाचा अर्धा तास कापता येत नाही, म्हणून पाचची निघाली पाच वीसले. ती परत आली तवा साडेसात. सातची गाडी साडेसातले काढली त डेपोत यायले नऊ चाळीस होते. चाळीस मिनिटाचा ओव्हरटाइम कोण मंजूर करते? वरून दुसऱ्या दिवशी लेखी विचारणा येते का ओटी काऊन वाढला. त कंट्रोलर काय करते, सातची फेरी कापते. लेट जागोजागी होते बापू, पण कट नेहमी शेवटचीच होते, कारण पहिलीले कापाचं कारणच नसते. तुमच्या गावावर कोणाचा राग नाही.

फाट्यावरचा
हे कोणी आजवर असं सांगितलंच नाही हो. आम्ही ड्रायव्हरले बोल लावत होतो का गावात थांबतच नाही, चहा पण घेत नाही म्हणून.

मग सोपंच आहे ना? ५५ च्या जागी ६५ मिनिटं लिहून टाका. जानेवारी २०२५ मध्ये भाडं १४.९५ टक्के वाढलं तवा एका रात्रीत तिकिटाच्या मशीनमध्ये नवे दर आले होते. टाइम बदलाले काय हरकत आहे?

डबल_बेल
इथंच खरी ग्यानबाची मेख आहे. ६५ लिहा. मग जाणं-येणं मधले ५-५ धरून १४० मिनिटांचं होते. चार खेपांचे ५६० मिनिटं, म्हणजे नऊ तास वीस मिनिटं. आठ तासात बसत नाही. तीनच बसते. तुम्ही अर्ज द्याल का टाइम वाढवा, अन् साहेब सही करून एक फेरी कायमची काढून टाकतीन, ते बी तुमच्याच अर्जावर. आता निदान अर्ध्या वेळा सातची येते, मग ती बोर्डावरून पुसली जाईन. म्हणून अर्ज देताना हात राखून द्या.

दुसरा उपाय डेपोवाले करतात तो म्हणजे काहीच न लिहिता ड्रायव्हरले सांगणं का "बाहेर काढून घे". म्हणजे गावाबाहेर पडल्यावर पळव. खड्ड्यातून गाडी पळवली का डिझेल जास्त जाते, केएमपीएल (लिटरमागं किलोमीटर) पडला का ड्रायव्हरलेच बोलावणं येते, अन् हात दाखवलेल्या म्हातारीजवळ गाडी थांबत नाही.

काळीपिवळी
मी काही बोलू का? सगळ्या धाग्यात आमच्या नावानं शिमगा होईल त्याच्या आधीच सांगून टाकतो. हो, आमची जीप एसटीच्या पाच मिनिटं पुढं निघते, वर्षानुवर्षं निघते. पण त्यासाठी एसटी टाइमावर पाहिजे ना भाऊ! आता पाचची गाडी केव्हा येईन पत्ता नाही त आमचा बी अंदाज चुकते, स्टँडबाहेर उभं राहून अर्धी जीप भरते. बायांले मार्च २०२३ पासून अर्ध तिकीट झालं तवापासून बाया वाट पाहतात, पण एसटीच पाहतात. सात वाजता मात्र आमच्याशिवाय कोणी नसते. तवा एसटी आली नाही का दहाच्या जागी सोळा बसवतो. लोकंच म्हणतात बसवा म्हणून.

मास्तर_दारव्हा
याचा शेवट कुठे होतो ते लिहितो, कारण मी तो पाहिला आहे. सातची गाडी भरवशाची राहिली नाही की लोक सातला स्टँडवर येणेच सोडतात. मग ज्या दिवशी येते त्या दिवशी रिकामी जाते. कागदावर भारमान (गाडी किती भरली तो आकडा) पडते. तीन-चार महिन्यांनी "प्रवासी प्रतिसाद नाही" म्हणून फेरी बंद. कागद खोटा नसतो, त्या गाडीत खरोखरच कोणी नसते. पण ते का नसते हे कागदात कुठेच नसते.

आणि फेऱ्यांची वेळ बदलताना शाळा-कॉलेजला कोणी विचारत नाही. गावाची गाडी ही शाळेची घंटा बघून ठरवावी लागते. मुलींची मानव विकासची निळी बस निदान शाळेच्या वेळेला बांधलेली असते, पण ती बारावीपर्यंत. पुढे कॉलेजच्या मुली याच लाल गाडीवर.

कोळसापट्टा
आमच्याकडचं ऐका. जड वाहनाले गावात नो एन्ट्री केली, दिवसभर ट्रक बंद. सगळे खूष. पण संध्याकाळी ज्या मिनिटाले ती नो एन्ट्री सुटते, त्या मिनिटाले बायपासच्या तोंडावर उभे असलेले सगळे कोळशाचे ट्रक एकदम गावात घुसते. अन् आमची गाडी बरोबर त्याच टायमाले निघते. पहिले दिवसभर थोडा थोडा त्रास होता, आता दिवसभर मोकळं अन् नेमकं गाडीच्या टायमाले चक्का जाम. गाडी पंधरा मिनिटं आधी काढली असती त सगळं निभलं असतं. नो एन्ट्री लावणाऱ्याले गाडीचा टाइम माहीत नाही अन् गाडी लावणाऱ्याले नो एन्ट्रीचा. दोन्ही हापिसं एकाच रोडवर आहेत, मधात एक पानठेला.

सीताबर्डी_एक्सप्रेस
😂 पानठेल्यावाल्यालेच वाहतूक अधिकारी करा. त्याले दोन्ही माहीत असते.

पुण्यातला_वऱ्हाडी
कोळसापट्टा भाऊंचा मुद्दा भारी आहे. याचं उलटं उदाहरण न्यूयॉर्कचं आहे. तिथं मॅनहॅटनमध्ये १४व्या रस्त्यावर ऑक्टोबर २०१९ मध्ये दिवसाच्या बहुतेक वेळेला खाजगी गाड्यांना सरळ आरपार जायला मनाई केली, बस आणि ट्रकला मोकळीक ठेवली. पहिल्याच दिवशी बस इतक्या पटापट जायला लागल्या की टाइमटेबलच्या पुढं पळाल्या, ड्रायव्हरना स्टॉपवर उभं राहून वेळ काढावा लागला. म्हणजे रस्ता सुधारला तरी जुनं टाइमटेबल चुकतंच. तुमचा सिमेंट रोड झाल्यावर हेच होणार बघा, पाचची गाडी फाट्यावर पाच मिनिटं आधी येऊन निघून जाईल. लेट गाडीची वाट पाहता येते, आधी गेलेल्या गाडीचं काय करणार.

आपल्याकडं पुण्यात २००६ मध्ये बीआरटी (बससाठी वेगळी लेन) सुरू झाली, अहमदाबादला २००९ मध्ये. दिल्लीत २००८ मध्ये बसला वेगळी लेन दिली आणि २०१६ मध्ये ती उखडून टाकली, कारवाल्यांनी एवढा गोंधळ घातला. तालुक्याच्या गावात लेनबिन शक्य नाही, पण एक चौक बसला मोकळा ठेवणं हे त्याच जातीचं काम आहे.

फाट्यावरचा
न्यूयॉर्क राहू द्या, आमच्या भाजीबाजाराच्या तोंडाचं काय करता ते सांगा.

डबल_बेल
तेच सांगतो. टाइम वाढवू नका, रस्त्यातले १० मिनिटं परत मागा. वन-वे कोणासाठी केला? कार, ऑटो, टू-व्हीलरची गर्दी होते म्हणून. एसटी दिवसातून त्या चौकातून किती वेळा जाते? तुमच्या अन् आजूबाजूच्या गावांच्या मिळून मोजक्या खेपा. तिले उलट्या दिशेनं सोडाची सूट मिळू शकते. "प्रवेश बंद, एसटी बस वगळून" असे बोर्ड तुम्ही पाहिले असतीन. वाहनांवर बंदी घालाचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ मध्ये आहे अन् बस कुठं थांबीन ते ठरवाचं कलम ११७ मध्ये. त्याची अधिसूचना निघते, तिच्यात सूट बी लिहिता येते. ती डेपो मॅनेजरच्या हातात नाही, म्हणून डेपोत भांडून फायदा नाही. डेपोनं फक्त मागणीचं पत्र द्याचं.

उलट्या दिशेनं जमत नसन, रोड अरुंद असन, तर दुसरं मागा. भाजीबाजाराच्या तोंडाशी वळणावर दोन्ही बाजूले वीस-वीस मीटर हातगाडी-ऑटो नको. हटवणं पूर्ण दिवस नको मागू, तुमच्या चार खेपांच्या टायमाले पंधरा मिनिटं होमगार्ड उभा राहिला तरी पुरे. केळीवाल्याचं पोट बी चाललं पाहिजे.

अन् अर्जात "गाडी लेट येते" असं लिहू नका. असे अर्ज डेपोत रोज येतात, फाइलले लागतात. आकडा द्या. आकडा तुमच्या खिशातच आहे: तिकीट. मशीनच्या तिकिटावर तारीख अन् वेळ छापून येते. स्टँडात गाडी उभी असतानाच कंडक्टर पहिले तिकिटं फाडते, त्याची वेळ म्हणजे जवळपास सुटाची वेळ. गावाबाहेर पहिल्या फाट्यावर जो चढते त्याच्या तिकिटाची वेळ म्हणजे चौक पार झाल्याची वेळ. दोन तिकिटं एकाच खेपेचे स्टेपल करा. महिनाभर बाजाराचा दिवस अन् साधा दिवस वेगळे ठेवून जमवा. हे कागद पाहून कोणी म्हणू शकत नाही का ड्रायव्हरच हळू चालवते. ऊन लागलं का त्या तिकिटाची शाई उडते, म्हणून फोटो काढून ठेवजा.

बीएस्सी_फर्स्ट_इयर
आमच्या ग्रुपवर टाकलं मी. पण आम्ही पासवर जातो, आम्हाला तिकीट नसते. 😑 पहिल्या फाट्यावर चढणाऱ्या दोन काकू आहेत, त्या दूध घालून परत जातात, त्यांना सांगते तिकीट फेकू नका म्हणून. त्या आधीच म्हणतील कायले पाहिजे तुले आमचं तिकीट.

आणि एक प्लीज सगळ्यांनी लक्षात घ्या, पाचची गाडी आधी काढा असं कोणी अर्जात लिहू नका. आमचं प्रॅक्टिकल पावणेपाचला सुटते.

कापूस_पंधरा_क्विंटल
अजून एक राहिलं. रोड झाला, वन-वे गेला, तरी डिसेंबर ते फेब्रुवारी काय करणार? जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची लाइन रोडवर येते, ट्रॅक्टर, पिकप, एखादी बैलगाडी. माह्या स्वतःचा ट्रॅक्टर बी त्याच लाइनीत असते, खोटं कायले बोलू. सेंटरवर मोजमाप हळू झालं का लाइन पार नाल्यापर्यंत. उन्हाळ्यात तोच रोड भकास, कुत्रं बी नाही. मग बारा महिने एकच ५५ मिनिटं कसे चालतीन?

डबल_बेल
एकदम बरोबर. उन्हाळ्यात जादा गाड्यांचं वेगळं नियोजन होते, सुट्टीत शाळेच्या फेऱ्या बंद होतात, त सीझनचा वेगळा चार्ट बी होऊ शकते. आमच्या वेळेस एक कंट्रोलर होता, तो कापसाच्या दिवसात कागदावर काही न बदलता जिनिंगच्या रोडवरची फेरी अन् मोकळ्या रोडवरची फेरी दोन ड्युट्यांमध्ये अदलाबदल करून द्यायचा. लेटवाली खेप एकाच ड्युटीच्या बोकांडी बसू द्यायची नाही. दोन्ही ड्युट्यांमध्ये थोडं थोडं लेट वाटलं गेलं का शेवटची फेरी कोणाचीच कटत नाही. तुमच्या डेपोत दुसऱ्या रोडची एखादी हलकी ड्युटी असन त हे बी विचारून पाहा, तोंडी विचारा, याले सही लागत नाही.

सीताबर्डी_एक्सप्रेस
पण सातची गाडी गावातच मुक्कामी केली तर? रात्री परत यायचं झंझटच नाही. आठ तासात बसते.

डबल_बेल
बसते. मग सकाळी तीच गाडी गावातून पहिली निघते, लोकांले बी बरं. पण मुक्कामाले ड्रायव्हर-कंडक्टरले झोपाले खोली पाहिजे, पाणी पाहिजे, संडास पाहिजे. बऱ्याच मुक्कामी गाड्या त्याच्यापायीच बंद झाल्या. ग्रामपंचायतीनं एक खोली लिहून दिली त मागणीले वजन येते.

फाट्यावरचा
खोलीचं मी पाहतो, जुन्या समाजमंदिराची एक खोली रिकामीच आहे, फक्त लाइट नाही अन् दारं वाळवीनं खाल्ले. सरपंच माह्या चुलतभाऊ, पण आमचं सध्या शेताच्या धुऱ्यावरून बोलणं बंद आहे. कोणातरी तिसऱ्याच्या तोंडून सांगाव लागीन.

त अर्ज असा करतो: एक पोलिसाले, चौकात एसटीले सूट द्या नाहीतर बाजाराच्या तोंडाशी खेपेच्या टायमाले माणूस द्या. एक नगरपरिषदेले, रोडचं काम केव्हा संपते त्याची तारीख लेखी द्या. डेपोले तिसरा, त्यात फक्त एवढंच का वरच्या दोघांले तुमचं बी पत्र जाऊ द्या, अन् तोवर सातची रद्द करायची असन त सहा वाजेपर्यंत बोर्डावर लिहून ठेवा म्हणजे लोक पाचच्या गाडीच्या भरवशावर राहतीन नाहीतर जीप पकडतीन. टाइम वाढवा असं कुठंच लिहीत नाही. बरोबर ना डबल बेल भाऊ?

डबल_बेल
बरोबर. पोच घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका. अन् तिन्ही अर्जाले तिकिटांची झेरॉक्स जोडा, ओरिजिनल देऊ नका.

काळीपिवळी
बोर्डावर लिहिलं त मले बी एक फोन करजा बावा. सोळा बसवाची वेळ नाही येणार, दुसरी जीप लावतो.

बीएस्सी_फर्स्ट_इयर
काकू तयार झाल्या. पण एकीनं विचारलं की अर्ध्या तिकिटावर पण टाइम छापते का.

डबल_बेल
छापते बेटा. अर्ध असो का पूर्ण, मशीन तेच.